एकवीस दिवसांची सुई

चोपडा, ६ जुलै २०२५

कुंदन,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र गिरणीच्या कोंड्यात टाकशील, हे मला ठाऊक आहे. टाक बापा, पण आधी वाच आणि मग टाक. फोन तू उचलत नाहीस. निंबाच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. नव्या घराचा पत्ता मला कुणी दिला नाही, म्हणून देवपूरच्या गिरणीच्या पत्त्यावर लिहिते. त्रेसष्ट वर्षांची बाई पोस्टात रांगेत उभी राहून तिकिटं आणते, एवढ्याचा तरी मान ठेव.

निंबा परवा धुळ्याला केळी उतरवून परत येताना तुझ्याकडे चहाला थांबला होता. घरी येऊन सहज म्हणाला, “अक्का, कुंदननी पोर लंगडी चालस. पहिले गुडघा दुखे, आते घोटा सुजेल शे.” मी मेथी निवडत होते, ती तशीच खाली ठेवली. विचारलं, त्याच्या आधी घसा दुखला होता का? तो म्हणे हो, महिना झाला असेल, तापही होता, पुनम हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावत होती.

चुलत भाऊ असला तरी निंबाला त्यात काही वाटलं नाही, त्याला कसं वाटणार. तुला वाटायला हवं होतं. गुडघा सुटला की घोटा धरतो, घोटा सुटला की कोपर धरतं, हे वाढीचं दुखणं नव्हे. वाढीचं दुखणं असं अंगभर बिऱ्हाड बदलत फिरत नाही. हा घशाचा ताप सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो. हे वाक्य आपल्याला जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठवतं ना? तू नऊ वर्षांचा होतास. हितू आज नऊ वर्षांचीच आहे.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. आबांनी तुला खांद्यावर घेऊन एस.टी.त बसवलं, कारण तुला जमिनीवर पाय टेकवत नव्हता. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, हृदय अजून वाचलं आहे, ते तसंच ठेवायचं असेल तर दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची एक सुई, पंचवीस वर्षांचा होईपर्यंत. आबा म्हणाले, “बठ्ठा जलम टोचानंच का?” माय म्हणाली, “अक्का नर्स शे ना, तीच देई.” मला तेव्हा आपल्याच गावच्या उपकेंद्रात नेमणूक मिळून वर्ष झालं होतं. सासर चोपड्याला, पण आठवड्याचे सहा दिवस मी माहेरीच. तुझी सुई माझ्या वाट्याला आली ती अशी.

काय दिवस होते रे ते. काचेची सिरिंज, ती स्टोव्हवर उकळायची. अमिनाबी आमची मदतनीस, ती पाण्याला उकळी फुटली की दारातून हाक मारायची. औषध दुधासारखं दाट, जरा उशीर केला की सुई तुंबायची. आणि तू केळीच्या बागेत. मी एका हातात सिरिंज वर धरून बांधावरून पळते, मागे अमिनाबी, आणि केळीच्या पानांतून तुझी खाकी चड्डी दिसते आहे. पकडला की तू म्हणायचास, “गोडी शेव देशी का?” मी पदराच्या गाठीतून काढून द्यायची. सुई झाली की दोघं बांधावर बसून खायचो. तू एका कुशीवर, कारण दुसरीकडे दुखायचं.

मुद्द्याचं लिहिते. हितूला लहान मुलांच्या डॉक्टरकडे ने. म्हणावं, घसा, ताप, सांधे, आणि बापाला होतं. बाकी ते बघतील.

तुझी अक्का


चोपडा, १५ जुलै २०२५

कुंदन,

उत्तर नाही. मी काही फार वाट बघत बसले नव्हते, पण पोस्टमन आला की दाराशी जाते एवढं खरं.

तू म्हणत असशील, हिनं अकरा वर्षांपूर्वी तोंड बंद ठेवलं असतं तर आज तिचं पत्र वाचलं असतं. चल, तेही काढू. तू पिठाचं पोतं उचलून गिरणीच्या चार पायऱ्या चढलास आणि वर जाऊन भिंतीला टेकलास. ओठ निळसर. मी तीस वर्षं नोकरी केली आहे, मला ते ओठ कळतात. आत पुनम होती आणि तिचे वडील प्रेमराजदादा शिंदखेड्याहून आलेले. मी सांगून टाकलं. म्हटलं, याच्या हृदयाची एक झडप गळते. लहानपणी सुई म्हटली की केळीत पळायचा, दोनदा सापडलाच नाही, सुया बुडाल्या आणि झडप गेली. आता तुम्ही तरी याला धरून डॉक्टरकडे न्या.

मी हसत सांगितलं होतं. ती गोष्ट आपल्या घरात सगळे हसतच सांगायचे. प्रेमराजदादा हसले नाहीत. “म्हणजे आम्हाला फसवलं,” म्हणाले आणि ताटावरून उठले. तू मला दारापर्यंत सोडायला आलास आणि म्हणालास, “अक्का, आजपासून आमच्याकडे येऊ नको.” आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर मी चार दिवसांनी परत आले असते.

फसवलं हेही खोटं नाही. मुलगी बघायला शिंदखेड्याला गेलो होतो तेव्हा प्रेमराजदादांनी विचारलं होतं, पोराला काही दुखणं-खुपणं? उत्तर मी दिलं होतं. नर्सबाई म्हणते काही नाही, म्हणजे काही नाही, असं सगळ्यांनी मानलं. तेव्हा मी खोटं बोलले तर मी चांगली होते. खरं बोलले तर वाईट झाले. हा तुझा न्याय.

अभिमनराव गेले तेव्हा तू आलास. अंगणात लोकांत उभा राहिलास, खांदा दिलास, आणि आत न येता तसाच धुळ्याची गाडी धरलीस. मी खिडकीतून बघत होते. नवरा गेल्याचं रडत होते की तू गेल्याचं, माझं मलाच कळत नव्हतं.

माझ्यावर राग ठेव. जन्मभर ठेव, तुझा हक्क आहे. पण त्या रागाखाली पोरीचा गुडघा झाकू नकोस. डॉक्टर रक्त तपासतील, ईसीजीची पट्टी काढतील, इको करतील. इको म्हणजे काही कापाकापी नाही, जेली लावून यंत्र फिरवतात, पोटुशी बायकांचं करतात तसंच. हृदयाच्या झडपा म्हणजे दाराच्या फळ्या समज. सुजल्या की नीट मिटत नाहीत, आणि सूज वारंवार आली की कायमच्या वाकड्या होतात. पहिल्या सुजेला धरलं तर पोरं पूर्ण बरी होतात. मी अशी पोरं बघितली आहेत, आता ती स्वतः लेकुरवाळी आहेत.

दिवस जात आहेत, कुंदन.

अक्का


चोपडा, २४ जुलै २०२५

कुंदन,

निंबानं तुझा निरोप आणला. “अक्काले सांग, मन्हा घरमा ध्यान घालू नको.” बरं. म्हणजे पत्रं पोचतात.

त्यानं आणखीही सांगितलं. हितूला कुणा मालिशवाल्या बाईकडे नेता आहात. पोरगी शाळेत जात नाही, जिना चढली की बसून घेते. आणि पुनम म्हणते, पोरीची जात आहे, एकदा हृदयाचं, सुयांच्या तारखांचं कार्ड निघालं की नाव लागतं, उद्या कोण करील. पुनमला माझा निरोप सांग. म्हणावं, कार्ड नसलेल्या मुलाशी लग्न करून तू काय मिळवलंस? तुझ्या नवऱ्याचं कार्ड आम्ही पेटीच्या तळाशी ठेवून लग्न लावलं. झडप काही पेटीत राहिली नाही. हे वाचून तिला राग येईल. येऊ दे.

जिना चढली की बसते. हे वाचलंस ना तू? मी हे लिहिताना दोनदा उठले आणि पाणी प्याले.

काल संध्याकाळी शाळेवरून येत होते. पटांगणात पोरांच्या धावण्याच्या शर्यती चालल्या होत्या. मला एकदम तू आठवलास. सातवीत असशील. दुसऱ्यांदा आजारी पडून, झडप गळते असं कळून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. धनसिंग गुरुजींना आबांनी सांगून ठेवलं होतं, याला पळू देऊ नका. मी सायकलवरून लसीकरणाला चालले होते. पटांगणात सगळी पोरं पळत होती आणि तू कडुनिंबाखाली बसला होतास, पुढ्यात दहा-बारा पोरांच्या चपला. राखण करत होतास. एक चप्पल उपडी झाली ती तू सुलटी केलीस.

त्याच्या तीन वर्षं आधी तुझ्याएवढं कुणी पळत नव्हतं. पकडताना माझा जीव जायचा म्हणून मला माहीत. केळीच्या बांधावरून तू असा सुटायचास की अमिनाबी हात टेकायची, म्हणायची, ये लडका नहीं, हिरन है. त्या दिवशी मी सायकल थांबवली नाही. तू मान वर करून बघशील म्हणून मी जोरात पायडल मारलं.

हे अमिनाबीला सांगितलं. ती आता माझ्या शेजारच्या गल्लीत राहते, गुडघे गेले आहेत पण जीभ शाबूत आहे. ती म्हणाली, “बाई, तुम्ही पोराला दहा पत्रं लिहाल. बाकी जगाचं लिहाल. एक गोष्ट काही लिहायच्या नाहीत.”

मी तिला म्हटलं, चहा पी आणि गप्प बस.

भरताच्या वांग्यांचं बी लावलं आहे परसात. थंडीत येतील. तुला कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं लागायचं, गॅसवरचं भरीत म्हणजे आजाऱ्याचं जेवण म्हणायचास. हे कशाला लिहिलं कोण जाणे.

हितूला ने.

अक्का


चोपडा, ४ ऑगस्ट २०२५

कुंदन,

आज सकाळी आमच्या गल्लीतल्या कानबाया नदीला गेल्या, श्रावणातल्या एका रात्रीच्या पाहुण्या देवी. मी ओट्यावर उभी राहून हात जोडले. वाजंत्री लांब गेली, आणि मी आत येऊन हे लिहायला बसले. अमिनाबीनं जे म्हटलं ते लिहिते आहे. मधे थांबले तर पुन्हा लिहायची नाही, म्हणून एका दमात.

एकोणनव्वद साल. दोन वर्षं मी तुझी एकही सुई चुकवली नव्हती. त्या वर्षी तुझी तारीख नेमकी कानबाईच्या रविवारी आली. मायचा नेम तुला माहीत आहे. कानबाई घरात असेपर्यंत अंगातून रक्ताचा थेंब निघता कामा नये. आबा दाढी करत नसत, कुणी नखं काढत नसे. मी मायला आदल्या दिवशी म्हटलं, उद्या कुंदनची सुई आहे. ती देवीच्या प्रसादाच्या रोटांसाठी गहू निवडत होती, घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ. हात न थांबवता म्हणाली, “कानबाई घरमा शे. पोरनं रगत काढू नको.”

मी नर्स होते. मी लग्न झालेली लेक होते, रोटाच्या घासावरसुद्धा माझा हक्क उरला नव्हता. मला तो नेम लागूच नव्हता. तुला हाताला धरून उपकेंद्रात नेलं असतं, पाच मिनिटांचं काम होतं. मी म्हटलं, बरं.

आणि तू पळाला नव्हतास. हे मला लिहायचं होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला छत्तीस वर्षं लागली.

तू अकरा वर्षांचा होतास. पळायचं तू केव्हाच सोडलं होतंस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तूच पेन्सिलीनं गोल करायचास. त्या रविवारी सकाळी तू आपण होऊन उपकेंद्रात आलास. अमिनाबीनं नेहमीप्रमाणे सिरिंज उकळून ठेवली होती. तू बाकावर पालथा पडलास आणि म्हणालास, “अक्का, आज तारीख शे ना?” मी म्हटलं, आज नाही, कानबाई झाली की देऊ, जा खेळ. तू उडी मारून पळाला नाहीस. उठून बसलास आणि म्हणालास, “डॉक्टरनी सांगेल शे, चुकवानं नही.” मी म्हटलं, तू डॉक्टर की मी?

तू गेलास. अमिनाबीनं स्टोव्ह बंद केला.

सोमवारी कानबाई गेली, पण रोट संपायचे होते. माय म्हणाली, पौर्णिमा होऊ दे. पौर्णिमेनंतर मला जळगावला शिबिराला पाठवलं. परत आले तर तालुक्याचे साहेब तपासणीला येणार होते. मी रजिस्टर घेऊन बसले आणि सगळे रकाने भरले. त्यात तुझं कार्डही भरलं. बुडालेल्या तारखेला ‘दिली’ असं लिहिलं, आणि पुढच्या तारखेलाही लिहिलं. मनात म्हटलं, आठ दिवसांत देऊनच टाकू, एवढ्यानं काय होतं. ते आठ दिवस पोळा उलटला तरी आले नाहीत.

गणपतीत तुझा घसा सुजला. पंधरा दिवसांनी तुला उताणं झोपवेना, श्वास लागायचा. जळगावला नेलं तेव्हा डॉक्टरांनी कार्ड बघितलं आणि म्हणाले, तारखा तर सगळ्या आहेत, मग हे परत आलं कसं? आबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “डॉक्टर, हा पळतो. केळीत लपतो. दोनदा सापडला नाही, मी आपली तारीख टाकून दिली.”

नोकरी जाईल ही भीती होती. पण नुसती तेवढीच नव्हती. माय दारात उभी होती, तिचं नाव घ्यावं लागलं असतं. आणि खरं सांगू, तुझं नाव घेणं सगळ्यांत सोपं होतं. पोरगं पळतं हे सगळ्यांना आधीच माहीत होतं, कुणी उलट विचारणार नव्हतं. तू खाटेवर डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं, तू ग्लानीत आहेस.

आबांनी तुझ्याकडे बघून फक्त तोंड फिरवलं. मग घरी पाहुणे आले की ती गोष्ट निघायची. पळपुट्या कुंदन. माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला, निंबाच्या हळदीत, आबांच्या दहाव्याला सुद्धा. मीच सुरुवात करून द्यायची कित्येकदा. सांगून सांगून मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

तुझी झडप मी घालवली. तू नाही. देवीनंही नाही, तिनं काही मागितलं नव्हतं.

यानंतर तू माझं तोंड बघू नकोस, चालेल. पण माझ्यासारखं करू नकोस. मालिशवाली बाई, लोक काय म्हणतील, पोरीची जात, ही सगळी त्या रविवारचीच कारणं आहेत. कारण नेहमी चांगलंच असतं रे. सुई बुडते.

लता


चोपडा, १३ ऑगस्ट २०२५

कुंदन,

निंबा सांगतो, तीन दिवस गिरणीला कुलूप आहे. शेजारच्या दुकानदारानं त्याला सांगितलं, पोरीला दवाखान्यात ठेवलं आहे. कुठल्या, ते त्याला माहीत नाही. तुझा फोन बंद. पुनमचा नंबर माझ्याकडे नाही.

मी पिशवी भरून ठेवली आहे. यायचं की नाही ते कळत नाही. तू येऊ नको म्हणाला होतास आणि मी अकरा वर्षं ते पाळलं, आता मोडायला हरकत नव्हती, पण तिथे मला बघून तुझा पारा चढला आणि पोरीनं ते बघितलं तर? तिच्या छातीला आत्ता गडबड नको. म्हणून बसून आहे. सकाळपासून अमिनाबी माझ्यासमोर बसून आहे.

एवढंच कळव, ती श्वास कसा घेते.

अक्का


धुळे, ६ सप्टेंबर २०२५

अक्का,

मला पत्र लिहायची सवय नाही. गिरणीत बसून लिहितो, पीठ लागलं असेल तर झटकून घे.

हितू बरी आहे. तुझं चार ऑगस्टचं पत्र अकरा तारखेला मिळालं. मी ते तीनदा वाचलं, गिरणी बंद केली आणि पोरीला घेऊन गेलो. पुनमला रिक्षात बसल्यावर सांगितलं कुठे चाललो. चार दिवस दाखल होती. एक झडप थोडी गळते. डॉक्टर म्हणाले अजून पंधरा दिवस घरी ठेवली असती तर वेगळं बोललो असतो. आता सुई चुकली नाही तर झडप भरून येण्यासारखी आहे. घोट्याची सूज गेली. जिना चढते. माझाही इको केला. माझं नंतर बोलू.

आता तुझ्या पत्राचं. माफ केलं असं लिहायला बसलो होतो. पण तसं काही झालेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

मी तेव्हा जागा होतो. खाटेवर. तू डॉक्टरांना काय सांगितलं ते सगळं ऐकलं. मला वाटलं, मी खरं बोललो तर अक्काची नोकरी जाईल आणि आबा मायला बोलतील. म्हणून डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, आज नाही तर उद्या अक्का स्वतः सांगेल. मग वाटलं, मी मोठा झालो की सांगेल. मग माझं लग्न झालं.

तू पुनमला माझी झडप सांगितली म्हणून मी तुला येऊ नको म्हटलं, असं तू समजतेस. त्याचा राग मला दोन दिवस होता. खरं तर बरं वाटलं होतं, लपवणं संपलं. पण माझ्या बायकोसमोर, सासऱ्यासमोर तू परत तेच सांगितलंस, हसत, की हा पळायचा. तेव्हा मला कळलं की तू आता कधीच सांगणार नाहीस.

हितूला मी वेळेवर का नेलं नाही, तेही सांगतो. पुनमचं निमित्त होतं, मालिशवाली, लग्न वगैरे. माझं कारण मला माहीत होतं. डॉक्टर विचारणार, घरात कुणाला होतं का. मग पुनम सांगणार, यांना होतं, हे सुईला पळायचे. मला पोरीसमोर ते ऐकायचं नव्हतं. एवढ्यासाठी मी दोन महिने घालवले. म्हणजे तुला बोलायला मला फारशी जागा नाही.

पहिली सुई तिनं दवाखान्यात घेतली, तेव्हा अंगात ताप होता, काही कळलं नाही. दुसरी चार सप्टेंबरला होती. सिस्टरनं औषध भरलेलं बघितलं आणि हितू खोलीबाहेर पळाली. जिन्यापर्यंत गेली. मी मागे धावलो, पण मला कुठे धावता येतं. वॉर्डबॉयनं धरून आणली. पुनम म्हणाली, बापावर गेली आहे. तर हितू रडत रडत म्हणते, पप्पा पळायचे, मग मी का नाही पळायचं.

तिघांनी धरून टोचली. सगळा दवाखाना बघत होता. अशा अजून किती सुया आहेत ते तुला मी सांगायला नको. दर वेळी धरून होणार नाही, एक दिवस ती हातून सुटेल.

घरी येऊन मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, बेटा, मी पळायचो ते लहान असताना. नंतर मी आपण होऊन जायचो, कॅलेंडरवर गोल करायचो. ती म्हणाली, खोटं. आई म्हणते, आत्यानं सांगितलंय, आत्या नर्स आहे. पुनमही हसली. तिचं काय चुकलं, तिला जे सांगितलं ते तिनं सांगितलं. तुझं पत्र मी तिला दाखवलेलं नाही. ते मी दाखवणार नाही.

पुढची तारीख पंचवीस सप्टेंबर, गुरुवार, सकाळी दहा. आदल्या दिवशी ये. घरी उतर, निंबा पत्ता देईल. पुनमला आणि हितूला दोघींना समोर बसव आणि तुझ्या तोंडानं सांग, की तिचा बाप पळाला नव्हता. मी सांगून ती ऐकत नाही.

कुंदन